रिलीव्हर आल्याशिवाय

आमच्या खात्यात भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं: रिलीव्हर आल्याशिवाय भट्टी सोडू नये. रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येणार, वहीत सही करणार, मग तुम्ही मोकळे. मी तो नियम इतका इमानेइतबारे पाळला की त्यापायी माझं एक आयुष्य हातचं गेलं. दुसरं, म्हणजे जे जगलो ते, ठीक गेलं, तक्रार नाही. पण पहिल्याचा राग अजून जात नाही. आता सत्तरी ओलांडली, डॉक्टर म्हणतात रक्तदाब आहे, मनाला लावून घेऊ नका. त्यांना म्हणायला काय जातंय.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी चोवीस वर्षांचा, काळेवाडीत पत्र्याच्या खोलीत राहणारा, आणि पिंपरीतल्या एका कंपनीत भट्टीवर कामाला. पोलादाचे सुटे भाग भट्टीत लालभडक तापवायचे आणि तेलाच्या हौदात बुडवून कडक करायचे, हे आमचं काम. भट्टी तेलाच्या बर्नरवर चालायची. बर्नर विझला आणि तेल आत तसंच येत राहिलं, तर भडका उडायचा. माझ्या आधी एकाचा उडाला होता. तो नुसता चहा प्यायला गेला होता. परत येऊन त्यानं दार उघडलं आणि मग त्याचे हात काही कामाचे राहिले नाहीत. भिंतीवरचा लाल रंग त्यानंतरचा.

त्या भट्टीवर दिवसा आम्ही दोघं. एक आठवडा मी पहिल्या पाळीत, सात ते साडेतीन, आणि तो साडेतीनच्या पुढं. दुसऱ्या आठवड्यात उलट. रात्रपाळीला एक वेगळाच म्हातारा असायचा, त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. आपल्या भट्टीवरच्या दुसऱ्या माणसाला आम्ही जोडीदार म्हणायचो. मी त्याला इथंही जोडीदारच म्हणणार आहे. त्याचं नाव घ्यायची माझी इच्छा नाही.

जोडीदार तालुक्याच्या गावातल्या मास्तरांचा मुलगा. बी.ए.ला गचकला म्हणून भट्टीवर आला. बोलणं एकदम स्वच्छ, घासलेल्या तांब्यासारखं. मी चाकणच्या अलीकडच्या खेड्यातला. आमचे आबा चाकणच्या कांदा बाजारात एका व्यापाऱ्याच्या वखारींचे राखणदार. माझ्या तोंडात ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ बसलेलं, आणि ‘ण’ तर आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हता. पण नाटकाचं वेड दोघांनाही सारखंच. कंपनीच्या स्नेहसंमेलनात एकदा काम केलं आणि डोक्यात किडा शिरला.

त्याच सुमारास चिंचवडच्या एका कॉलेजनं नोकरदारांसाठी नाट्यकलेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. आम्ही दोघांनी मिळून फॉर्म भरला. शिकवायला एकच सर, पुण्याहून स्कूटरवर यायचे, मंगळवारी आणि शनिवारी. वर्गातली निम्मी मंडळी कुठल्या ना कुठल्या पाळीत अडकलेली. म्हणून सर एकच तास दोनदा घ्यायचे, सकाळी दुसऱ्या पाळीवाल्यांसाठी आणि संध्याकाळी पहिल्या पाळीवाल्यांसाठी. त्यामुळं झालं असं, की दोन वर्षं आम्ही एकाच वर्गात होतो आणि वर्गात एकदाही एकमेकांना भेटलो नाही. भेटायचो ते भट्टीपाशी, साडेतीन वाजता, दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत भट्टीचा हवाला आणि नाटकाचा हवाला एकदमच व्हायचा. भट्टी आठशे वीसवर आहे, दोन ट्रे आत आहेत, दुसरा चार वाजता काढ, आणि सरांनी सांगितलंय की श्वास पोटातून घ्यायचा, छातीतून नाही. किंवा, डावा बर्नर फुरफुरतोय, लक्ष ठेव, आणि प्रेक्षकांकडं पाठ करायची असेल तर आधी खांदा वळवायचा, मग मान. आजूबाजूचे लोक हसायचे. हसेनात का. माझं अर्धं नाट्यशिक्षण त्या तेलकट उष्ण हवेत उभ्या उभ्या झालेलं आहे आणि ते कुठल्याही वर्गातल्यापेक्षा कच्चं नव्हतं.

पडद्यामागचं कामही शिकवायचे. रंगभूषा, नेपथ्य, दिवे. दिवा हळूहळू मंद करायचा तर मिठाच्या पाण्याच्या बरणीत तारेला जोडलेला पत्रा हळूहळू वर घ्यायचा. त्यात माझा हात कुणी धरत नव्हतं, कारण आगीसमोर घाई करायची नाही हे मला भट्टीनं शिकवलं होतं. सर म्हणायचे, तू दिव्यांवर छान आहेस. मी हुरळून जायचो. त्या वाक्यात दुसरं काही दडलेलं असेल अशी शंका यायला मी काही शहाणा नव्हतो.

हजेरीचं एक सांगायला हवं. पाऊण हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नसत. ओव्हरटाइम लागला की दांडी ठरलेली. मग जो वर्गाला जाई तो दोघांची सही ठोकून येई. सरांच्या वर्गात दोन्ही वेळचे मिळून साठ जण, ते काय बघतात. मला त्याची सही धड कधी जमली नाही. त्याला माझी चार दिवसांत जमली. माझ्या सहीच्या शेवटी एक झोका आहे, शाळेत सुलेखनाला बक्षीस मिळालं होतं त्याचा माज. तो झोका जोडीदार माझ्यापेक्षा ऐटीत काढायचा. मी म्हणायचो, राव, पगारही तूच उचलत जा. तेव्हा हसायला येत होतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे प्रेक्षकांसमोर एकांकिका. सरांनी स्वतःच लिहिली होती. निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या सगळ्या किल्ल्या परत करायला आलेला शिपाई, आणि त्या घ्यायला कुणीच जागेवर नाही. हे शिपायाचं काम म्हणजेच नाटक, बाकीचे तिघं येऊन-जाऊन. सरांनी ते आम्हा दोघांना दिलं. म्हणाले, तुमच्या पाळ्यांचा भरवसा नाही, दोघांनीही बसवायचं, परीक्षेच्या दिवशी ज्याची संध्याकाळ मोकळी असेल त्यानं करायचं. हे त्यांनी सकाळच्या वर्गातही सांगितलं आणि संध्याकाळच्याही. वर्गातल्या पोरांनी लगेच नाव पाडलं, शिपाई आणि शिपायाचा रिलीव्हर.

परीक्षेला मुंबईहून जे परीक्षक यायचे होते ते स्वतः एका नाट्यविद्यालयात शिकवणारे. आदल्या वर्षी त्यांनी आमच्या कॉलेजातला एक मुलगा बघितला आणि उचलून आपल्याकडं नेला, राहण्याजेवणासकट. म्हणजे शिपायाचं काम जो करील त्याला भट्टीतून सुटायची वाट होती. हे दोघांनाही पक्कं माहीत होतं आणि दोघंही त्यावर अक्षर बोलत नव्हतो. मी रोज सायकलवरून जाता-येता मनात तेच घोळवायचो. मला भट्टीचा तिटकारा नव्हता हो. पण चोविसाव्या वर्षी आपलं पुढचं सगळं आयुष्य एका लोखंडी दाराच्या भोकातून दिसायला लागलं, की माणूस दुसरं दार शोधतो.

मग तारीख लागली. बुधवार. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. पुणेकर सरांना हे दोन वर्षांत समजलं नव्हतं, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. मी कॅलेंडरवर बोटं मोजली. त्या आठवड्यात मी पहिल्या पाळीत. साडेतीनला सुटणार, प्रयोग साडेपाचला. जोडीदार दुसऱ्या पाळीत, भट्टीवर. म्हणजे काम माझं. मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, नशीब आहे भावा तुझं, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला त्याचं वाईट वाटलं. खोटं सांगत नाही, मला रात्री जेवण गोड लागलं नाही.

त्याच वाईट वाटण्यापोटी मी एक गोष्ट केली. आबांची नजर तेव्हा मोतीबिंदूनं जवळजवळ गेलेली होती, पण वखारींच्या किल्ल्या ते बोटांनी ओळखायचे. जुडगा हातात घ्यायचे, अंगठ्यानं एकेका किल्लीचे दात चाचपायचे आणि मान वर ठेवूनच सांगायचे, ही तिसऱ्या नंबरची. शिपायानं किल्ल्या अशाच बघायच्या असं मी ठरवलं होतं. सरांना दाखवलं तर ते खुर्चीत पुढं सरकून बसले. कुणाला सांगू नये अशी ती चीज. पण साडेतीनच्या हवाल्यात मी जोडीदाराला दाखवली. पान्यांचा जुडगा घेऊन दाखवली, अंगठा कसा फिरतो, नजर कुठं ठेवायची. त्याचा नंबर कधी लागलाच तर त्यालाही उपयोग होईल म्हणून. त्यानं तीनदा करून घेतली.

दुसरी गोष्ट खाकी कोटाची. शिपायाचा कोट सरांनी काळेवाडीतल्या शिंप्याकडून शिवून घेतला, दोघांत एक. मी घालून बघितला तर बाह्या मनगटाच्या वर चार बोटं. मी सरांना म्हटलं, आखूड झालाय. ते म्हणाले, गरीब शिपाई आहे, असू दे. मला ते इतकं पटलं की मी घरी आरशासमोर उभा राहून आखूड बाह्यांचा अभिनय बसवला. जोडीदार माझ्यापेक्षा चार बोटांनी लहान आहे, कोट त्याच्या मापाचा आहे, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मला नाही कळलं.

बुधवारी आबा चाकणहून एसटीनं येणार होते. आयुष्यात कधी नाटकाला न गेलेला माणूस, पण मुलगा रंगमंचावर दिसणार म्हणून धुतलेलं धोतर आणि नवी टोपी. दिसणार म्हणजे काय दिसणार, कप्पाळ; पण ऐकू तर येणार होतं. शेजारच्या खोलीतल्या मुलाला त्यांना स्टँडवरून हॉलवर न्यायला सांगितलं होतं. मी सकाळी डबासुद्धा नेला नाही. पोट हलकं असावं असं सरांनी शिकवलं होतं.

साडेतीनचा भोंगा झाला. जोडीदार आला नाही.

पहिली दहा मिनिटं मी काही मनावर घेतलं नाही. सायकल पंक्चर झाली असेल. पावणेचारला भट्टीचं दार उघडून ट्रे काढला, दुसरा सारला. चार वाजले. आजूबाजूच्या सगळ्या मशीनवर नवी माणसं उभी राहिली होती, जुनी हातपाय धुऊन गेली. मी एकटा शिळा. शेवटी फोरमनला हाक मारून विचारलं. तो म्हणाला, त्यानं तर कालच रजा टाकली, बहिणीला बघायला पाहुणे यायचेत. तू डबल पाळी करणार आहेस म्हणाला ना, तुझ्याशी बोलणं झालंय म्हणाला.

आता सांगतो माझ्या अकलेची कमाल. तरीही मला संशय आला नाही. मला वाटलं, खरंच पाहुणे येणार असतील, बिचारा गडबडीत मला सांगायला विसरला असेल. मला काळजी लागली ती सरांची. मुंबईचे परीक्षक येऊन बसले असतील आणि शिपाई नाही म्हणून पडदा अडून राहिला असेल. माझ्यावाचून माझे लोक तोंडघशी पडतील म्हणून माझा जीव खालीवर होत होता. मी फोरमनच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, माणूस देतो, पण आहे कुठं. आणि भट्टी चालू आहे, तू हलायचं नाहीस. मी हललो नाही. कुणी धरून ठेवलं नव्हतं मला. गेट उघडं होतं, सायकल स्टँडवर होती. पण त्या लाल अक्षरांसमोरून पाय निघेना. त्या हात गेलेल्या माणसाचं लहान पोर मी पाहिलेलं होतं.

सव्वापाचला देखभाल खात्यातले फिटर चाचा पाना घेऊन चालले होते. मोठ्या खटल्याचा मुसलमान माणूस, पिंपरीत घर, निवृत्तीला आलेले. माझं तोंड बघून थांबले, काय झालं विचारलं. मी सांगितलं तेव्हा माझा आवाज रडका झाला होता. चाचांनी पाना खाली ठेवला, वही ओढली आणि सही केली. म्हणाले, “जा बेटा, मी उभा आहे. तू येईपर्यंत कुठं जात नाही.” देखभाल खात्यातली त्यांची ड्युटी साडेपाचला संपायची. त्या दिवशी मला रिलीव्ह करणारा माणूस तो एवढाच.

सायकल कशी हाणली ते मलाच माहीत. कॉलेजच्या हॉलच्या दारात वर्गातली एक मुलगी छापील पत्रिका वाटत होती. मला बघून तिचा चेहराच उतरला. तिनं पत्रिका दिली नाही, मीच घेतली. शिपाई, आणि त्यापुढं जोडीदाराचं नाव. सुबक छापलेलं, कुठं खाडाखोड नाही. माझं नाव मागच्या पानावर, विशेष आभार या सदरात, खुर्च्या पुरवणाऱ्या मंडपवाल्याच्या खाली. कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं. मी तिला विचारलं, ही कधी छापून आली. ती खाली बघत म्हणाली, आठ दिवस झाले.

आठ दिवस. म्हणजे सरांना माहीत, वर्गाला माहीत, प्रकाशवाल्याला माहीत, या मुलीला माहीत. शनिवारच्या तालमीत मी आखूड बाह्यांत जीव ओतत होतो तेव्हा समोर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. बहिणीला पाहुणे बघत नव्हते, मलाच सगळे बघत होते. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. तसाच तेलकट कपड्यांनी मागच्या दारानं विंगेत घुसलो.

रंगमंचावर तो होता. कोट काय बसला होता त्याला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्याला शिपायाचं काम करताना बघत होतो. तो वाईट करत होता असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण नाही, बरा करत होता. किल्ल्यांचा जुडगा काढला, मान वर केली आणि अंगठा एकेका दातावरून फिरवायला लागला. हॉल चिडीचूप. माझ्या बापाचा अंगठा होता तो, आणि माझा बाप तिसऱ्या रांगेत बसला होता.

यानंतर शिपायाचं वाक्य होतं. सरांचं लाडकं, टाळीचं. तो थांबला. अंगठा फिरत राहिला, पण वाक्य येईना. मी ओळखलं, हा विसरलाय. हवाल्यात किल्ल्यांचा प्रसंग मी त्याला तीनदा दिला होता, पण हातांचा. वाक्य त्याचं त्यानं पाठ करायचं होतं. प्रॉम्प्टर पानं उलटत होती, तिला जागा सापडत नव्हती. त्यानं डोळे विंगेकडं वळवले आणि समोर मी. त्याचं रंगवलेलं तोंड माझ्याकडं बघत राहिलं. मला एवढंच करायचं होतं, गप्प राहायचं होतं. देवानं ताटात वाढून दिलं होतं माझ्या.

आणि माझ्या तोंडून वाक्य गेलं. विचार करायच्या आधी, मोठ्यानं, आमच्या गावच्या बोलीत: “येवढ्या किल्ल्या हाईत, पन माझ्या घराला कुलूप न्हाई.” त्यानं लगेच उचललं, स्वच्छ करून म्हटलं, आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. का दिलं मी वाक्य? लोकांनी मोठेपणा म्हटलं पुढं. मोठेपणा कसला डोंबलाचा. समोर काहीतरी चालू असताना ते विझू द्यायचं नाही, ही सवय लागली होती हाडांना.

पडदा पडल्यावर मी त्याला गाठला. वाटलं होतं तो तोंड लपवेल, पाया पडेल, काहीतरी थाप मारेल. त्यानं रंग पुसायचा फडका हातात घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “तू भट्टी सोडणार नाहीस हे मला माहीत होतं.” कौतुक केल्यासारखं म्हणाला, राव. सगळा बेत त्या एका खात्रीवर रचलेला होता. मी आळशी, चुकार माणूस असतो तर वाचलो असतो.

सर तिथंच होते. मी त्यांना फक्त एवढंच विचारलं की ज्याची पाळी मोकळी त्यानं करायचं असं ठरलं होतं ना. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, तुझी तळमळ मला कळते, पण परीक्षकांपुढं तुझं ‘आनि’ आणि ‘पानी’ चाललं नसतं. तुला आधी सांगितलं असतं तर तू तालमीत दिव्यांवरही उभा राहिला नसतास. मी म्हटलं, सर, शिपाई खेड्यातलाच आहे ना? सरांनी चष्मा चढवला आणि आत वळले. परीक्षक आतल्या खोलीत जोडीदाराला बोलावत होते, त्यांना घाई होती.

बाहेर आबा पायरीवर बसले होते, शेजारचा मुलगा जवळ उभा. मी जाऊन त्यांच्या हाताला हात लावला. त्यांनी माझा चेहरा चाचपला, हसले, आणि म्हणाले, “लई झ्याक केलंस. दिसलं न्हाई नीट, पर किल्ल्यांच्या बोलन्याला आवाज वळखला म्या.”

मी व्हय म्हटलं. आबा त्यानंतर सात वर्षं जगले आणि चाकणच्या बाजारात ज्याला त्याला सांगत राहिले की माझ्या पोरानं टाळ्या घेतल्या. मी कधीच खुलासा केला नाही. पण त्या संध्याकाळी त्यांना एसटीत बसवलं आणि पुन्हा कंपनीत गेलो, कारण चाचा भट्टीवर उभे होते.

गुरुवार सुट्टीचा. दिवसभर खोलीत पडून राहिलो. परीक्षकांनी जोडीदाराला घेतल्याची बातमी संध्याकाळी समजलीच. शुक्रवारपासून पाळ्या बदलणार होत्या: तो पहिल्या पाळीत, मी दुसऱ्या. म्हणजे साडेतीनला मी जाऊन त्याला मोकळं करायचं. पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकच विचार पक्का झाला. मी जाणार नाही. उभा राहू दे त्यालाही. भोंगा होऊन गेल्यावर सगळे निघून जातात आणि आपण एकटे भट्टीपुढं उरतो तेव्हा कसं वाटतं, हे त्याला एकदा तरी कळू दे. पावणेदोन तास नको, अर्धा तास पुरे.

शुक्रवारी मी गेटवर वेळेत कार्ड पंच केलं आणि खात्यात न जाता कँटीनमध्ये बसलो. भोंगा झाला. पहिली पाळी सायकली काढून गेली, मी खिडकीकडं पाठ करून चहा घेत होतो. दोन चहा घेतले. मनात त्याला बघत होतो, सारखा दाराकडं बघणारा, घाम पुसणारा. पन्नास वर्षांत मी एवढंच वाईट वागलो असेन, आणि तेही मला चहा धड गोड लागू देईना. घड्याळात दहा कमी चार झाले तेव्हा उठलो. मनात वाक्यं जुळवत गेलो, त्याला काय काय सुनवायचं.

भट्टीपाशी कुणी नव्हतं.

बर्नर फुरफुरत होते, डावा जास्तच. काटा आठशे साठच्या पुढं सरकला होता. दोन ट्रे आत, लालाचे नारिंगी व्हायला आलेले. मी धावत जाऊन तेल कमी केलं, दार उघडलं, भाजत भाजत ट्रे हौदात सोडले. वीस मिनिटं ती भट्टी एकटी जळत होती आणि पलीकडच्या मशीनवर आठ माणसं काम करत होती. मग वही बघितली. त्याच्या स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: साडेतीन, भट्टी चालू, आठशे वीस, रिलीव्हर हजर. आणि खाली माझी सही. शेवटच्या झोक्यासकट.

तो भोंग्याबरोबरच गेला होता. त्या दिवशी मुंबईला, आणि कंपनीतून कायमचाच. मी येतो की नाही हे बघायलाही थांबला नव्हता. मी वही घेऊन फोरमनकडं निघालो आणि दहा पावलांवर थांबलो. तक्रार करायची तर साडेतीनला मी कुठं होतो ते सांगावं लागलं असतं. कार्ड म्हणत होतं मी वेळेवर आलो. वही म्हणत होती मी भट्टीवर आहे. काही झालं असतं तर ते माझ्या सहीनं झालं असतं.

मी परत फिरलो, वही खिळ्याला अडकवली, डावा बर्नर साफ केला. आणि माझा रिलीव्हर येईपर्यंत तिथंच उभा राहिलो.